ग्लास पालथा, पाणी आत: टप्प्याटप्प्याने करून पाहा

पाण्याने भरलेल्या ग्लासावर कार्ड ठेवायचं, ग्लास पालथा करायचा, हात काढायचा. पाणी पडत नाही. का, असं विचारलं की उत्तर तयार असतं: हवेचा दाब. उत्तर बरोबर आहे, पण त्यावर कुणी दोन साधे प्रश्न विचारले की पंचाईत होते. हवा पाण्याला खालून रेटते म्हणता, मग कार्ड काढून घेतल्यावर तीच हवा पाणी का धरत नाही? आणि ग्लास अर्धाच भरलेला असेल तर आत कोंडलेल्या हवेलाही दाब आहेच की. ती पाण्याला खाली का ढकलत नाही?

या दोन प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत तोवर प्रयोग जमला असं म्हणता येईल, समजला असं नाही. खालचे प्रयोग सोपे आहेत, पण ते दिलेल्या क्रमानेच करा. एकात दिसलेली गोष्ट पुढच्यात लागते.

तयारी

काचेचा एक ग्लास घ्या, साधारण १२ सेंटीमीटर उंच आणि ७ सेंटीमीटर तोंडाचा. माप थोडं इकडेतिकडे असलं तरी चालेल, पण पुढची आकडेमोड याच मापांवर केली आहे. काठ मात्र अखंड हवा, टवका उडालेला नको. झाकायला प्लास्टिकचं पातळ, सपाट कार्ड घ्या, ग्लासाच्या तोंडाबाहेर सगळीकडून सेंटीमीटरभर येईल एवढं. पुठ्ठाही चालतो, पण तो पाणी पितो, फुगतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी वाकडा होऊन दगा देतो.

याशिवाय पाण्याने भरलेला खोल टब किंवा बादली, एक स्ट्रॉ, दोन सेंटीमीटर व्यासाची दोन्हीकडून उघडी नळी, डासांच्या जाळीचा तुकडा, रबरबँड, भांडी घासायचा पातळ साबण, झाकणाच्या प्लास्टिकच्या दोन बाटल्या आणि एक पसरट भांडं. पाणी घरातल्या तापमानाचं असू द्या. सगळं टबावरच करा. सुरुवातीला पाणी सांडणारच.

पायरी १: टबातून ग्लास वर काढा

कार्ड तूर्त बाजूला. ग्लास टबात आडवा बुडवा, आतली सगळी हवा बाहेर जाऊ द्या, पाण्याखालीच तो पालथा करा आणि सावकाश सरळ वर उचला. काठ पाण्याखाली आहे तोवर ग्लास भरलेलाच राहतो. बाहेरच्या पाण्यापेक्षा आतलं पाणी दहा सेंटीमीटर उंच उभं असतं.

टबातल्या पाण्यावर हवेचा दाब पडतो. समुद्रसपाटीला तो सुमारे १,०१,३०० पास्कल असतो, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलो वजन ठेवल्याइतका. तोच दाब पाण्यातून ग्लासाच्या तोंडापर्यंत पोचतो. तिथून आत वर वर गेलं की दाब कमी होत जातो, दर दहा सेंटीमीटरला सुमारे ९८० पास्कलने. म्हणजे एक टक्का. ग्लासाच्या तळाशी, जो आता वर आहे, पाण्याचा दाब अजूनही बाहेरच्या हवेच्या ९९ टक्के असतो. हा आकडा लक्षात ठेवा. पाणी तळाला लटकलेलं नाही, ते तळाला खालून चांगलंच रेटतं आहे.

ग्लास आणखी उंच असता तर? सुमारे १०.३ मीटर उंचीवर हा दाब संपतो आणि त्यापुढे पाणी चढत नाही. हे अनुभवातून आधीच कळलेलं होतं. पाणी ओढून घेणारे पंप जवळपास दहा मीटरच्या वर पाणी चढवत नाहीत, ही तक्रार गॅलिलिओच्या काळातली. इव्हान्जेलिस्टा टॉरिसेली या इटालियन शास्त्रज्ञाने १६४३ साली नळीत पाण्याऐवजी पारा घेतला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, त्यामुळे दहा मीटरचं काम ७६ सेंटीमीटरमध्ये झालं आणि प्रयोग टेबलावर मावला. पुढे १६४८ च्या सप्टेंबरमध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कलच्या (दाबाचं एकक त्याच्याच नावाचं) सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्लोरिन पेरिए अशीच नळी घेऊन फ्रान्समधल्या प्यूय द दोम डोंगरावर चढला. माथ्यावर पाऱ्याची उंची सुमारे आठ सेंटीमीटरने कमी भरली. वर हवा कमी, म्हणून दाब कमी, म्हणून पारा खाली.

आता ग्लास उचलताना काठाची एक बाजू मुद्दाम पाण्याच्या वर येऊ द्या. त्या फटीतून एक मोठा बुडबुडा वर जातो आणि तेवढंच पाणी खाली येतं. दाब बदललेला नाही, फक्त हवेला आत शिरायला वाट मिळाली. इथून पुढे प्रत्येक प्रयोगात हेच विचारायचं: हवेला वाट कुठून आहे?

पायरी २: भरलेला ग्लास आणि कार्ड

१. ग्लास अगदी काठोकाठ भरा, पाणी काठाच्या किंचित वर फुगलेलं दिसेल इतका.

२. कार्ड ओलं करून एका बाजूने सरकवत ठेवा. वरून आपटून ठेवलं तर खाली बुडबुडा अडकतो.

३. कार्डावर तळहात सपाट ठेवा आणि ग्लास टबावर पालथा करा. मध्ये रेंगाळू नका, पण झटकाही देऊ नका.

४. ग्लास सरळ उभा असल्याची खात्री करून हात हळूच खाली घ्या.

कार्ड राहील. राहिलं की त्याला बोटाने बाजूला किंचित सरकवून पाहा. ते सहज सरकतं, आणि जास्त सरकवलं की सगळं पाणी टबात.

इथे जरा थांबण्यासारखं आहे. सात सेंटीमीटर व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ ३८.५ चौरस सेंटीमीटर. बाहेरची हवा कार्डाला वर रेटते ती साधारण ४० किलो वजनाच्या बळाने. ग्लासातलं पाणी अर्धा किलोसुद्धा नाही. बऱ्याच ठिकाणी स्पष्टीकरण इथेच संपतं: ४० किलो विरुद्ध अर्धा किलो, हवा जिंकली. मग कार्ड काठाला घट्ट चिकटून बसायला हवं होतं, हाताने निघायला नको होतं. ते तर बोटाच्या टोकाने सरकतं.

कारण पाणीही कार्डाला जवळजवळ तेवढ्याच बळाने खाली रेटतं आहे. पायरी १ मधले ९९ टक्के आठवा. वरच्या टोकाला पाण्याचा दाब बाहेरच्यापेक्षा एक टक्का कमी, आणि खाली कार्डापाशी येईपर्यंत पाण्याच्या उंचीमुळे तो एक टक्का भरून निघतो. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा दाब जवळपास सारखाच. फरक उरतो तो कार्डाच्या स्वतःच्या वजनापुरता, दोन-चार ग्रॅमचा.

मग पाण्याचं वजन गेलं कुठे? तुमच्या हातात. ग्लासाच्या तळावर बाहेरची हवा वरून पूर्ण दाबाने दाबते आणि आतलं पाणी खालून थोड्या कमी दाबाने. त्या फरकाचं बळ भरतं बरोबर पाण्याच्या वजनाइतकं. म्हणून ग्लास सुलटा धरा की पालथा, हाताला सारखाच जड लागतो. हवेने पाणी पेललं म्हणून ग्लास हलका होत नाही. हे मला या प्रयोगातलं सगळ्यात सुंदर अंग वाटतं आणि नेमकं तेच सांगायचं राहून जातं.

पायरी ३: अर्धा भरलेला ग्लास

‘ग्लासात हवा राहिली तर प्रयोग फसतो’ असं ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. करूनच पाहा. सहा सेंटीमीटर पाणी घ्या, वर सहा सेंटीमीटर हवा. काठ ओला करा, कार्ड ठेवा, पालथं करा. फक्त या वेळी हात एकदम काढू नका. तळहाताचा जोर थोडा सैल करा, काठावरून काही थेंब ओघळू द्या, मग हात काढा. पाणी राहतं.

ते थेंबच उत्तर आहेत. पालथं केल्याच्या क्षणी आतल्या हवेचा दाब बाहेरच्या इतकाच असतो, आणि त्यात सहा सेंटीमीटर पाण्याची भर. म्हणजे कार्डावर आतून जास्त रेटा, त्यामुळे पाणी किंचित खाली सरकतं, थोडं गळतं, कार्डही जरा खाली झुकतं. पाणी खाली आलं की आतल्या हवेला जागा जास्त मिळते आणि तिचा दाब उतरतो. सहा सेंटीमीटर पाणी पेलायला तो सुमारे ०.६ टक्के उतरला तरी पुरतो. त्यासाठी हवेचा थर ६० मिलिमीटरवरून ६०.३५ मिलिमीटर व्हायला हवा. एवढंच! पाण्यात मोजलं तर जेमतेम सव्वा ते दीड मिलिलिटर.

सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे. आतली हवा पाण्याला खाली ढकलतेच, पण पसरल्यामुळे तिचा जोर थोडा उतरलेला असतो, आणि पाणी त्या थोड्याशा फरकावर उभं असतं.

या हिशोबातून एक गंमत निघते. पाणी किती खाली यावं लागेल हे हवेची उंची आणि पाण्याची उंची यांच्या गुणाकारावर ठरतं. म्हणून प्रयोगाला सगळ्यात अवघड ग्लास तो, जो बरोबर अर्धा भरलेला आहे. काठोकाठ भरलेला सोपा, आणि तळाशी थोडंच पाणी असलेलाही सोपा. उंची वाढली की अडचण झपाट्याने वाढते. ३० सेंटीमीटर उंचीचं भांडं अर्धं भरलं तर पाण्याला २ मिलिमीटरहून जास्त खाली यावं लागतं. तेवढी फट पडली की कार्डाच्या कडेने हवा आत शिरते आणि खेळ संपतो. म्हणून बुटका ग्लास घ्या.

ग्लास दोन्ही हातांनी कवटाळू नका. तळव्यांच्या उबेने आतली हवा एक अंशाने तापली तरी ती जवळजवळ एक मिलिलिटर पाणी बाहेर ढकलते. ‘नीट केलं होतं, तरी अर्ध्या मिनिटाने पडलं’ असं होतं तेव्हा बहुतेकदा हेच झालेलं असतं. ग्लास तळाजवळ दोन बोटांत धरा. गरम पाणी तर या पायरीला चालतच नाही, कारण त्याची वाफही आतला दाब वाढवते.

पायरी ४: स्ट्रॉ आणि रुंद नळी

स्ट्रॉ पाण्यात बुडवा, वरचं टोक बोटाने बंद करा, बाहेर काढा. पाणी आत राहतं. खाली कार्ड नाही, काही नाही. आता तेच दोन सेंटीमीटरच्या नळीने करा, वरचं टोक तळहाताने घट्ट दाबून. नळी पाण्याबाहेर आली की पाणी घळकन खाली येतं.

हवेचा दाब दोन्हीकडे सारखाच. मग बिघडलं कुठे? नळीच्या खालच्या तोंडाशी पाण्याचा सपाट पृष्ठभाग आहे. तो कधीच अगदी स्थिर नसतो. एका बाजूला केसभर खाली झुकला की तिथलं पाणी आणखी खाली ओढलं जातं, दुसरी बाजू वर उचलली जाते आणि तिथून हवा घुसते. जड पाणी वर, हलकी हवा खाली, ही मांडणीच डळमळीत. तिला सावरतो तो पृष्ठताण, जो पाण्याच्या पृष्ठभागाला ताणलेल्या पडद्यासारखं सपाट ठेवू पाहतो. तोंड अरुंद असेल तर हा पडदा पुरतो, रुंद असेल तर नाही. पाण्याच्या बाबतीत सीमा साधारण एक सेंटीमीटर व्यासाची. स्ट्रॉ पाच-सहा मिलिमीटरचा, म्हणून त्यात पाणी राहतं.

पहिल्या प्रश्नाचंही उत्तर मिळालं. कार्ड काढल्यावर हवेचा दाब कुठे गेलेला नसतो. सात सेंटीमीटर रुंद पृष्ठभाग सपाट धरून ठेवणारं काही उरत नाही, म्हणून हवेला वाट मिळते. कार्ड वजन उचलत नाही. ते पृष्ठभाग सपाट ठेवतं, आणि काठापाशी उरलेली बारीक फट पृष्ठताण सांभाळतो.

पायरी ५: जाळी

हे खरं असेल तर कार्डाला भोकं असली तरी चालायला हवं, प्रत्येक भोक पुरेसं लहान असलं म्हणजे झालं. जाळी ओली करून ग्लासाच्या तोंडावर ताणून बसवा आणि रबरबँडने पक्की करा. जाळीतूनच पाणी ओता, काठोकाठ. वर कार्ड ठेवून पालथं करा आणि कार्ड आडवं सरकवत काढून घ्या. खाली ओढू नका, पाणी त्याच्याबरोबर येतं.

जाळीखालून पाहिलं तर प्रत्येक छिद्रात पाण्याचा लहानसा फुगीर ठिपका दिसतो. काडीचं टोक छिद्रातून आत खुपसता येतं आणि पाणी पडत नाही. जाळी ढिली बसली असेल तर ती मधोमध पोट काढते आणि तिथूनच धार सुटते, म्हणून ताण महत्त्वाचा.

आता ग्लास तिरका करा. एक कड दुसरीपेक्षा तीन सेंटीमीटर खाली गेली की दोन कडांच्या दाबात सुमारे ३०० पास्कलचा फरक पडतो. एक मिलिमीटरच्या छिद्रातला पाण्याचा पडदा साधारण तेवढाच फरक सोसतो. त्यापुढे वरच्या कडेने हवा आत, खालच्या कडेने पाणी बाहेर. कार्डाच्या प्रयोगात ग्लास सरळ धरायला का सांगितलं होतं, तेही इथे कळतं.

साबणाचे दोन-तीन थेंब पाण्यात हलकेच मिसळून हाच प्रयोग पुन्हा करा. साबणाने पाण्याचा पृष्ठताण निम्म्याहून कमी होतो. जाळी जराशी हलली तरी पाणी निसटतं. नंतर ग्लास आणि जाळी खूप वेळा धुवा. साबणाचा अंश राहिला की पुढचे प्रयोग विनाकारण फसतात आणि दोष मात्र कार्डाला दिला जातो.

पायरी ६: भोक पडलेली बाटली

जरा जाड प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ बाजूने दोन-तीन मिलिमीटरचं एक भोक पाडा. लहान मुलं असतील तर हे काम मोठ्यांनी करावं. भोकावर बोट ठेवून बाटली भरा, झाकण घट्ट लावा, बोट काढा. थोडं पाणी येतं आणि धार थांबते. झाकण सैल केलं की धार सुरू, घट्ट केलं की बंद. आता पहिल्या भोकाच्या पाच-सहा सेंटीमीटर वर दुसरं पाडा. या वेळी झाकण बंद असूनही खालच्या भोकातून पाणी येत राहतं आणि वरच्यातून बुडबुडे आत जातात. हवेला वाट मिळाली, एवढंच.

बाटली फार पातळ असेल तर धरताना दबते आणि झाकण असूनही पाणी पिचकारीसारखं येतं. त्यात हवेचा दोष नाही.

पायरी ७: आपोआप भरणारं भांडं

एवढं समजलं की त्यातून कामाची वस्तू करता येते. पक्ष्यांसाठी किंवा पाळीव प्राण्यांसाठी पाणी ठेवायचं भांडं, जे रिकामं होईल तसं स्वतः भरतं.

भोक नसलेली बाटली काठोकाठ भरा, तोंड हाताने झाका आणि पसरट भांड्यात पालथी उभी करा. बाटलीचं तोंड भांड्याच्या तळापासून एक-दोन सेंटीमीटर वर राहील अशी ती बांधा. भांड्यात पाणी तोंडापर्यंत चढतं आणि थांबतं. कुणी पाणी प्यालं, पातळी तोंडाच्या खाली गेली, की बुडबुडा आत जातो आणि तेवढं पाणी बाहेर येतं. म्हणजे भांड्यातली पातळी किती राहणार हे बाटलीच्या तोंडाच्या उंचीवर ठरतं. भांडं किती मोठं आहे याचा तिथे संबंध नाही.

यात अडतं ते बहुधा तीन ठिकाणी. बाटलीचं तोंड अरुंद असेल तर बुडबुडा आत शिरत नाही आणि भांडं कोरडं पडतं. कारण पायरी ४ मध्ये पाहिलं आहे. तोंड एक सेंटीमीटरपेक्षा चांगलंच रुंद हवं, किंवा त्याच्या काठाला एका बाजूने खाच द्यावी. दुसरं, बाटलीच्या भिंती. वीस सेंटीमीटर पाणी पेलताना आतला दाब बाहेरच्यापेक्षा दोन टक्के कमी असतो, म्हणजे तळहाताएवढ्या भागावर साधारण दोन किलोचा रेटा. पातळ बाटली त्याने चेपते आणि चेपली की पाणी बाहेर सोडते. जाड बाटली घ्या.

तिसरं ऊन. अर्धी संपलेली एक लिटरची बाटली म्हणजे आत अर्धा लिटर दमट हवा. ती २० अंशांवरून ४० अंशांवर गेली की तापल्याने आणि वाढलेल्या वाफेने मिळून साधारण १२ टक्के फुगते आणि ६० मिलिलिटर पाणी बाहेर ढकलते. २० सेंटीमीटर व्यासाच्या भांड्यात पातळी त्याने दोन मिलिमीटरच चढेल, १० सेंटीमीटरच्या भांड्यात मात्र आठ मिलिमीटर. संध्याकाळी हवा निवते तेव्हा बाटली भांड्यातलं पाणी परत आत ओढते. भांडं लहान असेल तर त्याची कड बाटलीच्या तोंडापेक्षा दोन सेंटीमीटर तरी उंच ठेवा आणि बाटली सावलीत लावा.